चार अंश, बावीस ग्राव

अस्नोडा मागे पडला की रस्ता थोडा चढाचा लागतो आणि मार्च सरत आला असेल तर तिथेच तो वास मला गाठतो. पिकून खाली पडलेल्या काजूच्या बोंडांचा, उन्हात तापलेल्या रसाचा आणि त्यामागून येणाऱ्या भट्टीच्या धुराचा. मुळगावहून तुयेला मी रोज स्कूटरने जाते. तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे नाकाला वासांची सवय आहे. पण या वासापुढे हेल्मेटची काच काही कामाची नाही. लोकांना म्हणे या वासाने बालपण आठवतं, आजोळ आठवतं. मला राग येतो. दरवर्षी येतो, आणि पहिला पाऊस बोंडं कुजवून जाईपर्यंत टिकतो. घरातली माणसं या दिवसांत माझ्याशी जपून बोलतात.

माझं माहेर पेडण्याकडचं. बाबा, म्हणजे पुंडलिक मेस्त्री, खनिजाच्या ट्रकांची इंजिनं बांधत. डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, ट्रक मालकांच्या दारात गंजत उभे राहिले, तशी बाबांनी घराशेजारच्या फणसाखाली छप्पर घालून मोटारींचं गॅरेज सुरू केलं. मी शाळेतून आले की त्यांच्या हाताखाली बॅटरी धरून उभी राहायची. पाना उलटा दिला तर ते रागावत नसत, फक्त हात तसाच पुढे ठेवून थांबत. इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. मग डोळे उघडून सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरात बघा. कव्हर काढलं की दुखणं तिसऱ्यातच असायचं.

ज्या मोसमाबद्दल मी लिहिते आहे त्या मोसमात माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. खाणींकडे जाणारे रुंद रस्ते ओस पडलेले होते. ट्रक नाहीत, धूळ नाही, मैलभर सरळ डांबर आणि दोन्ही बाजूंना लाल माती. रिकामा रस्ता दिसला की पोरांना हुक्की येतेच. आमच्याकडच्या काही जणांनी रविवार सकाळच्या मोटारींच्या शर्यती सुरू केल्या. परवानगी आहे असं सगळे सांगत. कागद मी पाहिला नाही. त्या पोरांमध्ये एक होता सर्वेश, वासूकाकांचा मुलगा.

वासूकाका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे सोबती. आमच्या घरासमोरच्या डोंगरउतारावर त्यांची काजूची बाग आणि तिच्या पायथ्याशी फेणीची भट्टी. मोसमातली पहिली हुर्राकची, म्हणजे पहिल्या धारेच्या सौम्य दारूची, बाटली शिवेवरच्या राखणदार देवाला आणि दुसरी पुंडलिकाला, हा त्यांचा नेम. फेणी उतरली की ते काचेचं माप तिच्यात सोडत आणि किती ग्राव भरते ते मोठ्याने सांगत. ग्राव म्हणजे फेणीची ताकद मोजायचा आमच्याकडचा जुना आकडा. इतरांची अठरा-एकोणीस भरली की ते खूश असत. वासूकाका बावीसच्या खाली एक थेंब विकत नसत. त्या आकड्यावर त्यांची मान ताठ होती, आणि तशी असायलाच हवी होती.

सर्वेशने एका जुन्या हॅचबॅकला नायट्रसची बाटली बसवून घेतली. हे प्रकरण काय, हे मला बाबांनीच समजावलं. नायट्रस स्वतः जळत नाही. त्यातून इंजिनाला जास्तीचा प्राणवायू मिळतो, त्याच्या जोडीला जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं, आणि सगळं मिळून नेहमीपेक्षा फार लवकर भडकतं. म्हणून प्लगची ठिणगी थोडी उशिरा पाडायची. ठिणगी नेहमीच्याच वेळेला पडली तर पिस्टन वर यायच्या आधीच स्फोटाचा दाब तयार होतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात बसतो.

"जाळ जोराचो आसलो तर काडी मागसून लावची," बाबा म्हणाले. आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाचा धीर. दाब वाढला, उष्णता वाढली, तरी ठिणगीची वाट बघत थांबतं ते चांगलं पेट्रोल. ज्याला धीर नाही ते स्वतःच पेट घेतं आणि मग इंजिनात ती टिंगटिंग सुरू होते, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तशी. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. कॉलेजात तीन वर्षांत मला ऑक्टेन इतका सोपा कुणी करून सांगितला नव्हता.

पण ठिणगी मागे घ्यायची म्हटलं की पोरांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं मागे म्हणजे कमी. टायमिंग पुढे, अजून पुढे, तरच ताकद, असं कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी ओरडून सांगितलेलं असतं. गॅरेजच्या बाकावर बसून, बाबांच्या घरचा चहा पीत, ते बाबांनाच टायमिंग शिकवायचे. बाबा हसून ऐकून घेत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका शनिवारी मी माहेरी होते. सर्वेशची गाडी दिवसभर फणसाखाली होती. बाबांनी अट घातली होती की फोंड्याकडच्या एका पंपावर मिळतं ते महागडं, सत्त्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोलच टाकीत हवं. सर्वेश ते कॅनमधून घेऊन आला होता. मी टायमिंगचा दिवा धरला. बाबांनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, सैल केला, केसभर फिरवला, आवळला. सर्वेश गाडी रस्त्यावर पळवून आणी, बाबा लगेच प्लग काढून उन्हात धरत आणि चष्मा कपाळावर चढवून बघत. पहिल्या खेपेला प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे ठिपके दिसले, पेट्रोल ठिणगीआधी पेटत असल्याची खूण. अजून मागे, म्हणाले. तिसऱ्या खेपेला प्लग स्वच्छ, फिकट तपकिरी. मूळ खुणेपासून चार अंश मागे.

मग ते मला म्हणाले, तुझं नेलपॉलिश आण. ही त्यांची जुनी रीत होती. टायमिंग एकदा बसलं की डिस्ट्रिब्युटर आणि इंजिन यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढायची. कुणी नंतर हात लावला तर रेघ तुटते, लपवता येत नाही. माझी गुलाबी बाटली अर्धी संपली होती. त्यांनी रेघ ओढली, फुंकर घातली आणि सर्वेशला सांगितलं की याला हात नको आणि त्या टाकीत दुसरं काही नको. दुसरं काही नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी तिथे उभी होते.

हल्ली कुठल्याही पंपावर गाडी उभी केली की मला तो शनिवार आठवतो. पुढचा माणूस शंभर रुपयांचं टाका म्हणतो, टाकणारा फोनवर बोलत असतो, टाकीत काय गेलं याची कुणालाच पर्वा नसते. गाडी बिघडली की मात्र पहिलं बोट मेस्त्र्याकडे. डॉक्टरकडे जाताना माणूस निदान काय खाल्लं ते सांगतो. मेस्त्र्याला कुणी खरं सांगत नाही.

रविवारी सकाळी आम्ही शर्यतीला गेलो. मुळगाव तिथून जवळ, म्हणून माझे यजमानही आले होते. ऊन चढायचं होतं, पोदेर सायकलवर पाव घेऊन गर्दीतून वाट काढत होता. वासूकाका नवा सदरा घालून आले होते. मुलाची पहिली मोठी शर्यत. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. त्या मोसमातली सगळ्यात चांगली, बावीस ग्रावची.

नव्या कामाआधी राखणदाराला सोरो, म्हणजे दारू, द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. विहीर खणा, घर बांधा, ट्रक घ्या, शिवेवरच्या राखणदाराचा वाटा आधी. वासूकाकांनी रस्त्याच्या कडेला वाकून थोडी फेणी मातीवर ओतली, हात जोडले. इथवर सगळं योग्य होतं. बाबा तेव्हा पुढे, गाड्या सुटायच्या रेषेपाशी, नायट्रसच्या बाटलीचा दाब बघायच्या तयारीत उभे होते. मी दहा-पंधरा पावलांवर होते. वासूकाकांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

"सत्त्याण्णव म्हणजे कितके रे ते? ही बावीस ग्रावाची आसा," ते सर्वेशला म्हणाले. "पेट्रोलाकय चढतली."

आणि उरलेली बाटली टाकीत रिकामी केली. सर्वेश हसला. मला अंतरावरून वाटलं, झाकणावर शिंपडली असेल, नारळ फोडून पाणी शिंपडतात तशी. पुढे जाऊन बघावं असं मनात आलं आणि मी गेले नाही. या सगळ्या रागातला माझ्या स्वतःच्या वाट्याचा जो भाग आहे, तो हा.

गाडी सुटली. अर्ध्या रस्त्यापर्यंत आवाज एकसारखा होता. मग बाबांनी एकदम मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ते स्वतःशीच म्हणाले, धीर सुटला. पुढच्या क्षणी धडाड आवाज झाला, बॉनेटखालून पांढरा धूर आला आणि गाडी घरंगळत जाऊन थांबली. सर्वेशला खरचटलंही नाही, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी फणसाखाली इंजिन उघडलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं, माझी करंगळी जाईल एवढं.

गुलाबी रेघ जशीच्या तशी होती.

मला वाटलं होतं ती रेघ बाबांना वाचवील. झालं उलटंच. गावात बोलणं सुरू झालं की टायमिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, म्हणजे चूक मेस्त्र्याचीच. तिंट्यावर म्हणजे गावच्या नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर तेच. जन्मभर डिझेलच्या ट्रकांत गेला, त्याला पेट्रोलच्या शर्यतीतलं काय कळणार. म्हातारा झाला, कान गेला. धुराचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला आणि खाली एकाने लिहिलं, मेस्त्र्याला आधी कानाच्या डॉक्टरकडे न्या. ज्या माणसाने तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकला त्याच्याविषयी हे. ज्यांनी आयुष्यात एक प्लग काढून पाहिला नाही ती माणसं चहात पाव बुडवून निकाल देत होती.

मी प्रयोगशाळेत काम करते. मला पुरावा लागतो. इंजिन उघडलं त्याच संध्याकाळी मी टाकीच्या तळातून नळीने पेट्रोल काढलं, सरबताच्या काचेच्या बाटलीत भरलं आणि जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवलं. थोड्याच वेळात दोन थर दिसायला लागले. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा स्वच्छ थर. नळी खालच्या थरात घालून थेंब बोटावर घेतला तर पेट्रोलच्या वासाखाली काजूचा वास.

यात गूढ काही नाही. फेणी कितीही चांगली असो, तिच्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते कुणी वरून घातलेलं नसतं, भट्टीतून उतरतानाच मद्याबरोबर येतं. बावीस ग्रावच्या फेणीतही ते असतंच. पंपावरच्या पेट्रोलात हल्ली स्पिरिट मिसळलेलं असतं. पाणी आलं की ते स्पिरिट पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं, आणि मागे उरलेल्या पेट्रोलचा धीर कमी होतो. गाडीचा पंप ओढतो तळातूनच. म्हणजे नायट्रस पूर्ण सुटलेलं, आणि त्याला हवं तेवढं पेट्रोल येण्याऐवजी पाण्याचा घोट. अशा वेळी चार अंश काय, दहा अंश मागे घेतले असते तरी पिस्टन वाचला नसता. वासूकाकांना वाटलं, ग्राव आणि ऑक्टेन ही एकाच जातीची मापं, दोन्ही ताकदीची. एकात दुसरं घातलं की बेरीज होणार. फेणीवर जन्म काढलेल्या माणसाचीच चूक ती. तिच्यात माया होती, मी नाकारत नाही.

सर्वेशची गोष्ट वेगळी. त्याला मी बाटली दाखवली. त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाला, "माझ्या बाबांक सांगू नको गो ताई. ते हाय खातले." मी विचारलं, आणि माझ्या बाबांचं काय? तो चपला घालून निघाला. तिंट्यावर मात्र तो कुणी विचारलं की खांदे उडवायचा. माणूस खोटं बोलला तर निदान त्याला खोटारडा म्हणता येतं. खांदे उडवणाऱ्याला काय म्हणायचं?

बाटली पिशवीत घालून मी तिंट्यावर निघाले होते. बाबा दारात आडवे आले. त्यांनी ती कधीच हुंगून पाहिली होती. माझ्याआधी त्यांना कळलं होतं.

"लोक बाटलेत काय बघतले? खाली उदक," ते म्हणाले. "म्हणतले, वासू फेणयेत उदक घालता. तू रसायन कोणाकोणाक शिकवतलंस? इंजिन एक गेला ता गेला. तेची भट्टी कित्याक घालवची?"

मी भांडले. तुमच्या नावाचं काय, म्हणून ओरडले. ते म्हणाले, माझं नाव मला ठाऊक आहे. हे वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नाव आपल्याला ठाऊक असून काय उपयोग? ते लोकांच्या तोंडात राहतं, आणि लोकांची तोंडं ही अशी. पण बाबांनी शब्द घेतला, वासूची भट्टी आहे तोवर बोलायचं नाही. बाटली जनेलावरच राहिली. फणसाखाली येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. दोन पावसाळ्यांनंतर बाबांनी छप्पर उतरवलं.

आणि वासूकाकांनी काय करावं? त्यांनी बाबांना माफ केलं. खरंच. पुढच्या मोसमात पहिली हुर्राक उतरली तशी नेहमीसारखी दुसरी बाटली घेऊन आले, बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की चूक माणसाच्याच हातून होते, मी मनात काही ठेवलेलं नाही. बाबा म्हणाले, बरं झालं. दोघे ओट्यावर बसले, लिंबू पिळून हुर्राक प्याले. मी स्वयंपाकघरात इतक्या जोरात भांडी घासली की आईने येऊन हातातली काथ्याची घासणी काढून घेतली. दरवर्षी हा सोहळा व्हायचा. दरवर्षी माझ्या बापाला, न केलेल्या चुकीबद्दल, चूक करणारा माणूस मोठ्या मनाने माफ करायचा.

गेल्या पावसाळ्यात वासूकाका गेले. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. बाबांनी खांदा दिला. दिवाळी होते न होते तोच सर्वेशने बाग विकली. बंगले होणार आहेत, प्रत्येकाला पोहायचा तलाव. या मार्चात मी माहेरी गेले तर समोरचा उतार लाल, उघडा. काजूचं एक झाड नाही. भट्टीचे दगड एका कडेला ढकललेले, बोंडं तुडवायची कुंडी, आमच्याकडे तिला कोळंबी म्हणतात, उलटी पडलेली. ज्या भट्टीसाठी बाबांनी स्वतःचं नाव गमावलं, ती विकताना सर्वेशने त्यांना विचारलं नाही. पुन्हा खांदे उडवले असतील. त्याने आता म्हापशाकडे मोटारी सजवायचं दुकान काढलं आहे आणि तिथे येणाऱ्या पोरांना तो सांगतो म्हणे, नायट्रस असेल तर टायमिंग मागे घ्या आणि टाकीत दुसरं काही घालू नका. कुणाचं वाक्य ते, हे सांगत नाही.

बाबांना आता खरंच कमी ऐकू येतं. आम्ही म्हटलंच होतं, असं म्हणायला लोक मोकळे झाले. त्या दिवशी ते ओट्यावर बसून उघड्या उताराकडे बघत होते. वास नव्हता. आमच्या दारात, मार्च महिन्यात, काजूचा वास नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी जनेलावरची बाटली आणली. बुचाला फट पडून वरचं पेट्रोल कधीच उडून गेलं होतं, तळाला फक्त दोन बोटं पाणी. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की आता भट्टी उरली नाही, माझा शब्द संपला, मी हे सगळं लिहिणार आहे, नावानिशी.

मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी बाटली हातात घेतली, हलवली, उजेडात धरली, पूर्वी प्लग धरायचे तशी.

"लिवतंस तर पुराय लिव," ते म्हणाले. "वासूची फेणी बावीस ग्रावाची होती. तेणी तेच्यात उदकाचो थेंब कधी घालूक नाय. ता पयला लिव."

स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

पहिलं लिहिलं नाही, बाबा, शेवटी लिहिते आहे. तेवढं माझ्या रागाला चालवून घ्या. वासूकाकांची फेणी बावीस ग्रावची होती आणि तिच्यात त्यांनी पाण्याचा थेंब कधी घातला नाही. आणि तुम्ही सांगितलं नसलंत तरी हेही लिहिते. तुमचं टायमिंग बरोबर होतं.